अनुपस्थित सेवार्थी : कोचच्या पर्यवेक्षणाचे स्वरूप व त्यातील एक मूलभूत अडचण

ज्या व्यवसायांचे काम दोन व्यक्तींच्या खासगी संभाषणातून चालते, त्यांच्यापुढे कामाच्या गुणवत्तेविषयी एक विशेष प्रश्न उभा राहतो. सुताराने केलेली खुर्ची दुसऱ्या सुताराला उलटून पाहता येते. शल्यचिकित्सकाच्या हाताकडे शस्त्रक्रियागृहातील इतर माणसांचे लक्ष असते. वकिलाचा युक्तिवाद भर न्यायालयात होतो. परंतु समुपदेशक, मनोपचारक, समाजकार्यकर्ता आणि अलीकडच्या काळात उदयास आलेला कोच यांचे काम बंद दाराआड होते व संभाषण संपताच नाहीसे होते. ते चांगले झाले की वाईट, हे सांगू शकणाऱ्या दोनच व्यक्ती असतात, आणि दोघीही त्यात गुंतलेल्या असतात. या अडचणीवर या व्यवसायांनी शोधलेला उपाय म्हणजे पर्यवेक्षण होय. काम करणारी व्यक्ती ठरावीक काळाने दुसऱ्या अनुभवी व्यक्तीसमोर बसते, आपल्या कामाची हकीकत सांगते आणि दोघे मिळून तिचा विचार करतात. या उपायाचा उगम, त्याची कार्यपद्धती आणि कोचच्या व्यवसायात त्याला आलेले विशेष रूप यांचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

प्रथम शब्दांविषयी. ‘कोच’ या शब्दाला मराठीत अद्याप सर्वमान्य प्रतिशब्द नाही. ‘प्रशिक्षक’ म्हटले की मैदानावरचा किंवा कार्यशाळेतला शिकविणारा डोळ्यांपुढे येतो. येथे अभिप्रेत असलेला कोच काही शिकवीत नाही, सल्लाही क्वचितच देतो. प्रश्न विचारून समोरच्या व्यक्तीला स्वतःच्या कामाविषयी व निर्णयांविषयी विचार करावयास लावतो. हंगेरीतील कोच नावाच्या गावी तयार होणाऱ्या घोडागाडीवरून हा शब्द युरोपीय भाषांत पसरला, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑक्सफर्डमध्ये तो परीक्षा पार करवून देणाऱ्या खासगी शिक्षकाला विनोदाने लावला गेला, तेथून क्रीडाक्षेत्रात शिरला आणि टिमथी गॅल्वे यांच्या १९७४ सालच्या टेनिसविषयक पुस्तकानंतर व्यवस्थापनाच्या जगात आला. आगगाडीच्या डब्याला आपण आजही कोच म्हणतो, तो त्याच गाडीचा वंशज. ज्या व्यक्तीसाठी कोच काम करतो तिला समाजकार्याच्या मराठी परिभाषेतील ‘सेवार्थी’ हा शब्द येथे योजला आहे. ‘पर्यवेक्षण’ हा शब्द मात्र जपून वापरावयास हवा. मराठी वाचकाला पर्यवेक्षक म्हटले की परीक्षेच्या दालनात फेऱ्या घालणारा गृहस्थ आठवतो, किंवा शाळेत मुख्याध्यापकाच्या हाताखाली शिक्षकांवर देखरेख ठेवणारा. देखरेखीचा हा अर्थ चुकीचा आहे असे नव्हे. अडचण अशी की तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्याशी त्याचे नीट जमत नाही. या न जमण्यातूनच पुढील बहुतेक प्रश्न निर्माण झाले आहेत.

पर्यवेक्षणाच्या दोन वंशपरंपरा सांगता येतात. पहिली समाजकार्याची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेतील धर्मादाय संघटना गरीब कुटुंबांकडे स्वयंसेवक पाठवीत, आणि संघटनेचे पगारी कर्मचारी त्या स्वयंसेवकांना मार्गदर्शन करीत. मदत योग्य ठिकाणी जाते की नाही हे पाहणे आणि स्वयंसेवकाला शिकविणे ही दोन्ही कामे त्याच कर्मचाऱ्याकडे असत. १८९८ साली न्यूयॉर्क येथे उन्हाळी अभ्यासवर्ग सुरू होऊन या कामाचे शिक्षण औपचारिक झाले आणि क्षेत्रकार्याचे पर्यवेक्षण हा त्या शिक्षणाचा कणा ठरला. हीच पद्धत मुंबईत आली. क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या संचालकत्वाखाली १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था स्थापन झाली. १९४४ पासून ती टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या नावाने ओळखली जाते. विद्यार्थ्याने वस्तीत किंवा रुग्णालयात काम करावे, घडलेल्या संभाषणाची सविस्तर नोंद लिहावी आणि ती घेऊन पर्यवेक्षकासमोर बसावे, हा क्रम महाराष्ट्रातील समाजकार्याच्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या परिचयाचा आहे. आल्फ्रेड कॅडुशिन यांनी १९७६ सालच्या आपल्या ग्रंथात या पर्यवेक्षणाची प्रशासकीय, शैक्षणिक व आधारदायी अशी तीन अंगे सांगितली. पुढे ब्रिजिड प्रॉक्टर यांनी समुपदेशनासाठी जवळजवळ हीच विभागणी निराळ्या शब्दांत मांडली. तिन्ही अंगे एकाच माणसाने कशी सांभाळावयाची, हा खरा प्रश्न मात्र विभागणीने सुटत नाही.

दुसरी परंपरा मनोविश्लेषणाची; आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच अधिक उद्‌बोधक आहे. १९२० साली मॅक्स आयटिंगॉन यांच्या पुढाकाराने बर्लिन येथे मनोविश्लेषणाचे चिकित्सालय उघडले गेले आणि त्याला जोडून प्रशिक्षणाची रीतसर योजना तयार झाली. उमेदवाराने स्वतःचे विश्लेषण करून घ्यावे, सिद्धांत शिकावा आणि अनुभवी विश्लेषकाच्या नियंत्रणाखाली काही रुग्णांवर उपचार करावेत, अशी ती त्रिविध योजना होती. नियंत्रण करणारा विश्लेषक हा उमेदवाराचे स्वतःचे विश्लेषण करणाऱ्याहून वेगळा असावा, असे बर्लिनकरांचे मत पडले. बुडापेस्ट येथील मंडळींचे मत नेमके उलट होते. व्हिल्मा कोवाच यांनी असे प्रतिपादिले की, निदान पहिल्या रुग्णाच्या बाबतीत तरी हे काम उमेदवाराच्या स्वतःच्या विश्लेषकाकडेच असावे; कारण रुग्णासमोर बसल्यावर उमेदवाराच्या मनात जे राग, लोभ, भीती उफाळून येतात, ते बोलून दाखविण्याइतका विश्वास त्याला त्याच ठिकाणी वाटेल.

हा वाद केवळ संस्थांच्या चढाओढीचा नव्हता. पर्यवेक्षकाने शिकवावे व पारखावे, की काम करणाऱ्याच्या मनात काय चालले आहे ते ऐकावे, हा त्यातला मुद्दा होता. बर्लिनचा मार्ग पारख स्वतंत्र ठेवतो, पण मोकळेपणा गमावण्याचा धोका पत्करतो. बुडापेस्टचा मार्ग मोकळेपणा मिळवितो, पण परीक्षक व विश्वासू यांच्यातील सीमा पुसून टाकतो. जगभरच्या प्रशिक्षणसंस्थांनी बहुतांशी बर्लिनचा मार्ग स्वीकारला. बुडापेस्टचा विचार मात्र नष्ट झाला नाही. तो एका जावयाच्या सामानातून इंग्लंडला पोहोचला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

मायकेल बॅलिंट हे कोवाच यांचे जावई. १९३९ साली ते हंगेरी सोडून मँचेस्टरला व १९४५ मध्ये लंडनला गेले. टॅव्हिस्टॉक चिकित्सालयात १९५० च्या सुमारास त्यांनी सामान्य वैद्यव्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांचे गट चालविण्यास प्रारंभ केला. कुटुंबविषयक कार्यकर्त्यांबरोबर अशाच प्रकारचे काम करणाऱ्या ईनिड यांचा त्यात मोठा वाटा होता. १९५३ साली दोघे विवाहबद्ध झाले. या गटांत डॉक्टराने आपल्या एखाद्या रुग्णाविषयी बोलावयाचे, तेही टिपणे हाती न घेता. हा नियम वरवर विचित्र वाटतो. परंतु बॅलिंट यांना रुग्णाच्या आजाराची संपूर्ण माहिती नको होती. डॉक्टर काय विसरतो, कोठे अडखळतो, कोणत्या रुग्णाविषयी बोलताना त्याचा आवाज चढतो, हे त्यांना हवे होते. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातील मध्यवर्ती कल्पना अशी की, डॉक्टर हे स्वतःच एक औषध असून त्याची मात्रा व दुष्परिणाम कोणी अभ्यासलेले नाहीत. आज ‘चिंतनात्मक आधार’ या नावाने कोचना जे दिले जाते, त्याचे बीज या गटांत शोधावे लागते. तेथे कोणी कोणाची परीक्षा घेत नव्हते. डॉक्टर आधीच सनदधारक होते.

दोन्ही परंपरांत एक गोष्ट समान आहे, आणि ती इतकी उघड आहे की तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. पर्यवेक्षकाला काम दिसत नाही. त्याला कामाची हकीकत ऐकू येते. ज्याच्या हितासाठी ही सर्व व्यवस्था उभी केली, तो सेवार्थी त्या खोलीत नसतो. समाजकार्याने लेखी नोंदीवर भिस्त ठेवली, बॅलिंट यांनी टिपणेच दूर सारली. परंतु दोन्हीकडे सेवार्थी येतो तो काम करणाऱ्याच्या तोंडून. कार्ल रॉजर्स यांनी हे कोडे निराळ्या प्रकारे सोडविण्याचा प्रयत्न केला. त्यांनी मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, १९४२ सालच्या ग्रंथात एका संपूर्ण उपचाराची शब्दशः प्रत छापली आणि प्रशिक्षणात अशा ध्वनिमुद्रणांचा उपयोग केला. आपण सेवार्थीला बोलू देतो अशी समजूत असलेल्या माणसाला ध्वनिमुद्रण ऐकल्यावर स्वतःचाच आवाज सर्वाधिक ऐकू येतो, हा अनुभव तेव्हापासून अनेकांनी घेतला आहे. पुढे नॉर्मन केगन यांनी चित्रमुद्रण दाखवून, ‘या क्षणी तुमच्या मनात काय चालले होते?’ असे विचारण्याची पद्धत विकसित केली. यंत्राने शब्द मिळतात; ते शब्द उच्चारताना मनात दडलेले मात्र यंत्रातून मिळत नाही, त्यासाठी पुन्हा त्या माणसाकडेच वळावे लागते.

आणि तो माणूस सर्व काही सांगतो काय? निकोलस लडानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मनोपचाराच्या १०८ प्रशिक्षणार्थींना, त्यांनी पर्यवेक्षकापासून काय लपविले, असे विचारले. सुमारे ९७ टक्क्यांनी काही ना काही लपविल्याचे कबूल केले. सर्वाधिक लपविली गेलेली गोष्ट म्हणजे खुद्द पर्यवेक्षकाविषयीची नापसंती. परंतु कामातील स्वतःच्या चुका व सेवार्थीविषयीच्या भावना याही त्या यादीत होत्या. या निष्कर्षाचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. ज्याच्या सहीवर आपले प्रमाणपत्र अवलंबून आहे, त्याच्यासमोर आपण काल सेवार्थीचे बोलणे ऐकता ऐकता कंटाळलो होतो, हे कोण सांगेल? पारख जितकी कडक, तितकी हकीकत स्वच्छ व घासूनपुसून आणलेली असावयाची. आणि पर्यवेक्षकाला तर घासण्यापूर्वीची हकीकत हवी असते.

तथापि न सांगितलेलेही कधी कधी दुसऱ्या वाटेने खोलीत येते. अमेरिकेतील चेस्टनट लॉज रुग्णालयात काम करणारे हॅरल्ड सर्ल्स यांनी १९५५ साली लिहिलेल्या एका निबंधात असे दाखविले की, रुग्ण व उपचारक यांच्यातील ताण उपचारक व पर्यवेक्षक यांच्या नात्यात प्रतिबिंबित होतो. एक्स्टाइन व वॉलरस्टाइन यांनी १९५८ साली यालाच समांतर प्रक्रिया म्हटले. कोचच्या कामातून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका अभियांत्रिकी कंपनीने नुकत्याच विभागप्रमुख झालेल्या अधिकाऱ्यासाठी कोच नेमली आहे. अधिकारी प्रत्येक भेटीत विचारतो, ‘मॅडम, मी आता काय करू?’ आणि तिने काही सुचविताच म्हणतो, ‘ते आमच्याकडे चालणार नाही.’ कोच हे पर्यवेक्षकापुढे मांडते. पर्यवेक्षक हळूहळू सूचना देऊ लागतो, आणि प्रत्येक सूचनेवर कोच उत्तरते, ‘सर, त्यांच्या बाबतीत ते जमणार नाही.’ पर्यवेक्षकाला स्वतःची वाढती अधीरता जाणवते. येथे तो आणखी एक सूचना देईल तर तो सेवार्थीच्या खोलीतील खेळ पुढे चालविणारा तिसरा खेळाडू होईल. त्याऐवजी त्याने आपली अधीरता उघड बोलून दाखविली, तर कोचला तीच अधीरता गेले दोन महिने स्वतःला वाटत असल्याचे कदाचित आठवेल. आणि आपण सूचना देण्याच्या कामात कसे ओढले गेलो, हा प्रश्न प्रथमच विचारता येईल.

पीटर हॉकिन्स यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या व रॉबिन शोहेट यांच्यासह १९८९ साली ग्रंथरूप दिलेल्या ‘सप्तनेत्री’ आराखड्याचा उपयोग याच ठिकाणी होतो. सेवार्थी, कोचने योजलेले उपाय, त्या दोघांचे नाते, स्वतः कोच, कोच व पर्यवेक्षक यांचे नाते, पर्यवेक्षकाचे स्वतःचे अनुभव आणि या सर्वांभोवतीची परिस्थिती अशा सात ठिकाणांहून हकीकतीकडे पाहावे, असे तो सांगतो. वरील उदाहरणात पाचव्या नेत्राने समांतर प्रक्रिया दिसली. परंतु सहावा नेत्र त्याच वेळी सावध करतो : अधीरता सेवार्थीकडून आली असेलच असे नाही, पर्यवेक्षकाला दुपारी जेवण मिळाले नसेल किंवा तो मुळातच उतावळा असेल. समांतर प्रक्रियेची कल्पना इतकी आकर्षक आहे की, स्वतःच्या दोषांचे बिल अनुपस्थित सेवार्थीच्या नावे फाडण्याची सोय तीतून सहज होते. सातवा नेत्र तर कदाचित सर्वच चित्र बदलील. जुने विभागप्रमुख निवृत्त होऊनही सल्लागार म्हणून रोज कारखान्यात येत असतील, तर ‘ते आमच्याकडे चालणार नाही’ हे अधिकाऱ्याच्या मनाचे लक्षण नसून कंपनीविषयीचे साधे सत्य ठरेल.

या सातव्या दिशेमुळेच कोचचे पर्यवेक्षण समुपदेशकाच्या पर्यवेक्षणाहून वेगळे पडते. समुपदेशनात सेवार्थी बहुधा स्वतः येतो. कोचच्या कामात पुष्कळदा पैसे कंपनी देते, वेळ अधिकारी देतो आणि निष्ठा कोणाशी ठेवावयाची हे कोचला ठरवावे लागते. मनुष्यबळ विभागाचे प्रमुख जिन्यात भेटून ‘कसे काय चालले आहे आमच्या गृहस्थांचे?’ असे सहज विचारतात, तेव्हा दिलेले तितकेच सहज उत्तर कोणाच्या तरी बढतीवर परिणाम करू शकते. पर्यवेक्षणात आणावयाचे ते असे प्रसंग. आणि क्षुल्लक वाटल्यामुळे राहून जातात तेही असेच.

दुसरा फरक सनदेचा. भारतासह बहुतेक देशांत कोच म्हणवून घेण्यास कायद्याने कोणताही परवाना लागत नाही. व्यावसायिक संघटनांचे नियम हेच काय ते बंधन, आणि ते स्वेच्छेचे. या संघटनांची धोरणेही एकसारखी नाहीत. युरोपियन मेंटॉरिंग अँड कोचिंग कौन्सिलने पर्यवेक्षणाला प्रथमपासून महत्त्व दिले, आणि २०१६ साली असोसिएशन फॉर कोचिंगसह प्रसिद्ध केलेल्या नीतिसंहितेत त्याचा समावेश केला. १९९५ साली स्थापन झालेल्या व आता इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघटनेने प्रमाणपत्रासाठी १० तासांच्या मेंटॉर-कोचिंगची अट घातली. त्यात ठरावीक कौशल्यांच्या मापाने उमेदवाराचे काम पारखले जाते. पर्यवेक्षण ही तिने वेगळी बाब मानली. वरवर पाहता यात पर्यवेक्षणाची उपेक्षा दिसते. वस्तुतः पारख व चिंतन यांची दोन दालने वेगळी करण्याचा हा मार्ग बर्लिन-बुडापेस्ट वादावरील एक समंजस तोड ठरू शकतो. अट एवढीच की, पारखीचे दालन पार केल्यावर कोचने दुसऱ्या दालनातही पाऊल ठेवले पाहिजे. ब्रिटनमध्ये २००६ साली झालेल्या पाहणीत ८६ टक्के कोचनी नियमित पर्यवेक्षण असावे असे म्हटले. ते प्रत्यक्षात घेणारे ४४ टक्केच आढळले. तुलनेसाठी, ब्रिटनमधील समुपदेशकांच्या प्रमुख संघटनेने आपल्या मान्यताप्राप्त सदस्यांसाठी दरमहा किमान दीड तासाचे पर्यवेक्षण आवश्यक ठरविले आहे.

येथे शंकेखोर वाचक विचारील की, या सर्व उठाठेवीचा सेवार्थीला काही उपयोग होतो काय? प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर उत्साहवर्धक नाही. ऑस्ट्रेलियात मॅथ्यू बॅम्बलिंग व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नैराश्याच्या १२७ रुग्णांपैकी पर्यवेक्षण लाभलेल्या उपचारकांकडील रुग्णांत अधिक सुधारणा दिसली. परंतु उपचाराआधीच झालेल्या पर्यवेक्षणाच्या बैठकीचा परिणाम त्यात मिसळला असण्याची शक्यता राहिली. उलट २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २३ पर्यवेक्षक, १७५ प्रशिक्षणार्थी व ६,५२१ सेवार्थी यांची पाच वर्षांची माहिती तपासली गेली. सेवार्थींच्या सुधारणेतील तफावतीपैकी एक टक्काही तफावत पर्यवेक्षक कोण होता यावरून स्पष्ट झाली नाही. यावरून पर्यवेक्षण निरुपयोगी ठरते असे म्हणता येत नाही, कारण त्या अभ्यासात पर्यवेक्षण नसलेला गट नव्हता. सर्व पर्यवेक्षक सारखेच उपयोगी असणेही संभवते. परंतु ‘सारखेच निरुपयोगी’ हा पर्याय त्या आकड्यांनी खोडला जात नाही, हेही मान्य केले पाहिजे. दोन्ही अभ्यास मनोपचाराचे आहेत. कोचच्या क्षेत्रातील लेखन बहुतांशी पर्यवेक्षण घेणाऱ्यांच्या समाधानावर आधारलेले आहे. आणि समाधान हे कोचचे असते, सेवार्थीचे नव्हे. अनुपस्थित सेवार्थी संशोधनातही अनुपस्थितच राहतो.

पदव्युत्तर संशोधनाला येथे पुष्कळ वाव आहे. त्यातला एक विषय आपल्याकडचाच म्हणावा लागेल. पुण्या-मुंबईतील कोचचे सेवार्थीशी संभाषण मराठीत किंवा मराठी-हिंदी-इंग्रजीच्या मिश्रणात झाले आणि पर्यवेक्षण मात्र इंग्रजीत, तर हकीकत दुसऱ्यांदा गाळली जाते. चौथ्या भेटीत अधिकारी ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आला, की आधी ‘साहेब’ म्हणून उल्लेखिलेल्या वरिष्ठाला एकदम ‘तो’ म्हणाला, यांतले काहीच इंग्रजी सर्वनामांत उरत नाही. ‘बघू या’ या शब्दांतला नकारही उरत नाही. बॅलिंट यांच्या दृष्टीने पाहिले तर नेमक्या अशाच जागा महत्त्वाच्या. अशा कोचने भेटीनंतर त्याच दिवशी, ज्या भाषेत बोलणे झाले त्याच भाषेत, निदान दहा मिनिटांचे संभाषण आठवेल तसे लिहून काढावे आणि पर्यवेक्षक मराठी जाणणारा नसेल तरी मूळ वाक्ये आधी वाचून मग त्यांचा अर्थ सांगावा. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना हा लेखनाचा सराव असतो. व्यवस्थापनातून या व्यवसायात आलेल्यांना तो प्रथम कंटाळवाणा वाटेल. कोणती वाक्ये आठवत नाहीत, हे दिसू लागेपर्यंत.